जुन्या वस्तूची स्थिती : विकणाऱ्याने काय लिहावे, घेणाऱ्याने काय तपासावे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत : विक्रीला काढलेल्या जुन्या वस्तूच्या स्थितीचे वर्णन कसे करावे, आणि दुसऱ्याने केलेले वर्णन कितपत खरे मानावे. म्हणून या वेळची सर्व जागा याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : आमचे गुहागर तालुक्यातील वडिलोपार्जित घर आता बंद करावे लागत आहे. घरात तांब्याचे दोन बंब, घंगाळी, हंडे, समया आणि बरीच पितळी भांडी आहेत. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने प्रत्येक वस्तूची छायाचित्रे आणि ‘कंडिशन’ लिहून मागवली. मी सगळ्यांपुढे ‘जुन्या मानाने उत्तम’ असे लिहिले, तर त्यांनी यादी परत पाठवली. आणखी काय लिहायचे असते? आणि छायाचित्रे काढण्याआधी भांडी चिंचेने घासून लख्ख करावीत का?
— एक वाचिका, गुहागर

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे भाग आहे, कारण त्यात घाई झाली तर झालेले नुकसान भरून येत नाही. भांडी घासू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ आणि कोळिष्टके काढा आणि तेवढ्यावर थांबा. तांब्या-पितळेवर वर्षानुवर्षे चढत गेलेला काळपट तपकिरी थर हा जाणकार ग्राहकाला वस्तूच्या वयाचा पुरावा वाटतो. चिंच, लिंबू किंवा घासायची पावडर यांनी तो एका दुपारीत निघून जातो आणि पुन्हा तसा चढायला कित्येक दशके लागतात. समया किंवा रोजच्या पूजेतली उपकरणी सणावाराला घासलीच जात होती, त्यांच्यावर असा थर नसणारच, आणि त्यात काही बिघडलेले नाही. मात्र माळ्यावर किंवा न्हाणीघरात पडून राहिलेल्या वस्तूंना विक्रीसाठी म्हणून मुद्दाम हात लावू नका. घ्यायचे असेल तो ग्राहक हवे तर नंतर घासून घेईल.

कोकणातील खाऱ्या आणि दमट हवेमुळे एका गोष्टीकडे मात्र तुम्हाला विशेष लक्ष द्यावे लागेल. तांब्या-पितळेवरचा हिरवेपणा दोन प्रकारचा असतो. एक गडद, गुळगुळीत आणि धातूला घट्ट धरून बसलेला. तो निरुपद्रवी असतो आणि वर्णनात त्याचा एक शब्दात उल्लेख केला तरी पुरे. दुसरा फिकट हिरवा, भुकटीसारखा, ठिपक्या-ठिपक्यांनी आलेला, पुसला तरी काही दिवसांनी त्याच जागी परत येणारा. हा क्षारामुळे होणारा धातूचा रोग आहे आणि हवेतील ओलाव्यावर तो आतल्या आत वाढत राहतो. अशी वस्तू धुऊ नका, बाकीच्यांपासून वेगळी करून कोरड्या जागी ठेवा आणि वर्णनात ठिपक्यांची जागा स्पष्ट लिहा. हे लपवून विकलेले भांडे घेणाऱ्याच्या घरी सहा महिन्यांत आपली कहाणी सांगू लागते.

आता यादीविषयी. ‘जुन्या मानाने उत्तम’ या शब्दांतून व्यापाऱ्याला काहीच कळत नाही, कारण जुन्याचे मान प्रत्येकाचे वेगळे असते. स्थितीचे वर्णन म्हणजे मत नव्हे. डोळ्यांना दिसलेल्या आणि हातांना लागलेल्या गोष्टींची ती नोंद असते. वस्तू काय आहे, तिचे माप आणि वजन किती, तिचे कोणते भाग मूळचे आहेत आणि कोणते नंतर बसवलेले आहेत, कुठे आणि किती नुकसान आहे, कोणती दुरुस्ती झालेली आहे, आणि तुम्ही स्वतः काय तपासलेले नाही, एवढे लिहिले की वर्णन पुरे झाले. यातील शेवटची गोष्ट लिहायची बहुतेकांच्या मनातच येत नाही, आणि माझ्या मते वर्णनाचा प्रामाणिकपणा सर्वांत आधी तिथेच दिसतो. तुमच्या बंबाची नोंद उदाहरणादाखल अशी होऊ शकेल :

‘तांब्याचा बंब. उंची ७१ सेंटिमीटर, वजन सुमारे ९ किलो. अंग, झाकण आणि आतली नळी एकाच घडणीची, मूळची दिसते. पितळी तोटी नंतर बसवलेली. तळाजवळ उजव्या अंगाला ४ सेंटिमीटर लांबीची झाळ. मागील बाजूस दोन पोचे, त्यांतला मोठा रुपयाच्या नाण्याएवढा. निखाऱ्याची जाळी नाही. पाणी भरून गळते का, हे पाहिलेले नाही.’

यात कौतुकाचे एकही विशेषण नाही, तरी दूरवरच्या माणसाला बंब डोळ्यांसमोर उभा राहतो. झाळ आणि पोचे लिहिल्याने किंमत पडेल अशी भीती वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात बंबाला झाळ असणार हे व्यापारी गृहीतच धरून असतो. ती कुठे आणि केवढी आहे हे कळले नाही, तर तो वाईटात वाईट कल्पना करून भाव सांगतो. छायाचित्रे काढतानाही हाच विचार ठेवा. समोरून एक, मागून एक, तळाचे एक, आणि प्रत्येक दोषाचे शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून एक. पोचे समोरच्या उजेडात दिसत नाहीत. खिडकीचा किंवा बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा पडू द्या, म्हणजे प्रत्येक खळगा सावलीसह उठून दिसेल.

समयांच्या बाबतीत प्रत्येक समई आटे सोडवून पाहा. तळ, दांडा, वाटी आणि वरचा मोर किंवा कळस हे एकाच समईचे आहेत का, की एका घरातल्या दोन-तीन समयांची अदलाबदल होऊन एक तयार झाली आहे, हे आट्यांच्या बसण्यावरून आणि धातूच्या रंगावरून कळते. अदलाबदल झाली असेल तर तसे लिहा. धातूविषयीही सावधपणा हवा : ‘पंचधातू’ हा शब्द घरात परंपरेने चालत आला असला तरी तपासणीशिवाय विक्रीच्या कागदावर लिहू नका, ‘पितळ असावे, तपासणी केलेली नाही’ असे लिहा. भांड्यांच्या आतली कल्हई उडालेली असेल तर ती वापराची खूण आहे, दोष म्हणून नव्हे तर माहिती म्हणून तिची नोंद करा.

शेवटी भांड्यांवरच्या नावांकडे वळू. आपल्याकडे हंड्या-घंगाळ्यांच्या काठाखाली ठिपक्यांनी नाव, गाव आणि साल घालायची पद्धत होती. ती अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्या, छायाचित्रात घ्या, आणि साल वाचताना ते शकाचे की इसवी सनाचे याची खात्री करून घ्या. १८४२ हा आकडा इसवी सनाचा समजून भांडे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे म्हणून जाहीर करायचे आणि तो निघायचा शके १८४२, म्हणजे इसवी सन १९२० च्या सुमाराचा, हा प्रकार नेहमी होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. शिवाय ते साल भांडे घडवल्याचे असेलच असे नाही. लग्नात किंवा वास्तुशांतीला भेट दिल्याचे ते असू शकते. म्हणून ‘काठावर शके १८४२ असे साल कोरलेले’ एवढेच लिहा, ‘१९२० साली घडवलेले’ असे लिहू नका.

प्रश्न : पुण्यातील एका जुन्या फर्निचरच्या दुकानात शिसवी कपाट पाहिले. ‘मूळ पॉलिश, किडीचा पूर्ण बंदोबस्त केलेला, शंभर वर्षांपूर्वीचे’ असे विक्रेत्याने लिहून दिले आहे. किंमत बरीच आहे. पैसे देण्याआधी यातले काय काय मला स्वतःला पडताळता येईल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पडताळता येतील, मात्र कपाटाचा दर्शनी भाग सोडून त्याच्या पाठीशी, पोटात आणि पायाखाली वेळ घालवावा लागेल. जाताना बॅटरी, भिंग, मोजपट्टी, काळा कागद आणि थोडे स्पिरिट लावलेला कापूस घेऊन जा.

किडीपासून सुरुवात करा. लाकडातली बारीक गोल भोके जुनी की चालू, हे भोकाच्या कडेवरून कळते. जुन्या भोकाची कड काळवंडलेली आणि आत धूळ बसलेली असते. चालू भोकाची कड कोऱ्या लाकडाच्या रंगाची असते आणि बोटाने ठोकल्यावर खाली पिठासारखी बारीक भुकटी पडते. काळा कागद खाली धरून ठोका, भुकटी लगेच दिसेल. खणांचे तळ आणि पाठीच्या फळ्या आधी पाहा, कारण दर्शनी भाग शिसवाचा असला तरी तिथे हलके लाकूड वापरण्याची पद्धत होती, आणि कीड पहिल्यांदा तिथेच शिरते. आता भिंग घ्या. भोकांऐवजी पृष्ठभागावर उघड्या पन्हळीसारख्या नागमोडी चऱ्या दिसल्या, तर त्याचा अर्थ कीड लागून गेल्यावर ते लाकूड कापले किंवा रंधले गेले आहे. कीड लाकडाच्या आत बोगदा करते, पृष्ठभागावर खुली चर काढत नाही. अशा चऱ्या असलेली फळी दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या वस्तूची, पाडलेल्या वाड्याच्या तुळईची किंवा दाराची असण्याचा संभव फार मोठा. लाकूड जुने आणि कपाट नवे, असा तो प्रकार.

पॉलिशची परीक्षा सोपी आहे, पण विक्रेत्याची परवानगी घेऊन आणि न दिसणाऱ्या जागीच करा. जुने पॉलिश लाखेपासून केलेले असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिटचा कापूस काही क्षण टेकवल्यावर जागा चिकट झाली आणि कापसावर तपकिरी रंग आला, तर पॉलिश लाखेचे आहे. काहीच झाले नाही तर ते मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखे अलीकडचे रासायनिक पॉलिश असावे. लक्षात ठेवा की लाखेचे पॉलिश म्हणजे मूळ पॉलिश असे सिद्ध होत नाही, कारण ते आजही केले जाते. आतल्या कोपऱ्यांत, कोरीव कामाच्या खाचांत जुना मळ आणि काळपट थर शिल्लक असेल तर मूळ पॉलिशचा दावा मानायला आधार मिळतो. सगळीकडे सारखीच चकाकी असेल, तर कपाट घासून पुन्हा पॉलिश केले गेले आहे.

वयाबद्दल एकच खूण निर्णायक नसते. चार खुणा एका दिशेने बोट दाखवीत आहेत का, ते पाहावे. अधिकचिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकानंतरचे. ते एखाद्या बिजागरीला असतील तर बिजागरी बदलली एवढेच ठरते, पण सांगाड्याच्या सांध्यांत असतील तर शंभर वर्षांचा दावा टिकत नाही. खणाच्या डव्हटेल सांध्याचे, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांनी एकमेकांत अडकवलेल्या सांध्याचे, दात हाताने कापलेले असतील तर ते थोडे लहानमोठे असतात आणि आखणीची बारीक रेघ शेजारी दिसते. पाठीच्या फळीवर करवतीच्या खुणा कमानदार असतील तर ती यंत्राच्या गोल पात्याने कापलेली आहे. हातवे किंवा कुलपे बदलली असतील तर खणाच्या आतल्या बाजूने बुजवलेली जुनी भोके दिसतात. खालचा आणि वरचा भाग वेगवेगळ्या कपाटांचे जोडले आहेत का, हे दोन्हींच्या पाठीच्या फळ्यांची जाडी, रंग आणि खिळे यांची तुलना करून पाहा. गोल मेज घ्यायची वेळ आली तर त्याचा व्यास लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि आडवा असा दोनदा मोजा : लाकूड काळानुसार आडवे आकसते, म्हणून खरोखर जुने गोल मेज काही मिलिमीटरांनी तरी लंबगोल झालेले असते.

दुरुस्ती सापडली म्हणून वस्तू नाकारायची गरज नाही. बदललेली बिजागरी मी दोष मानत नाही, बदललेला पाय किमतीत थोडा फरक पाडतो, आणि नवा बसवलेला दर्शनी दरवाजा बराच. मात्र लिहून दिलेल्या वर्णनात यांतले काहीच नसेल, तर बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवू नका.

प्रश्न : ‘शंभर वर्षांपूर्वीचा एचएमव्ही ग्रामोफोन, पितळी कर्ण्यासह, उत्तम चालू स्थितीत’ अशी जाहिरात पाहून एका विक्रेत्याकडून ऑनलाइन ग्रामोफोन मागवला. तो वाजतो. पण ओळखीच्या एका संग्राहकाने पाहताक्षणी ‘हा जोडलेला आहे’ असे सांगितले. विक्रेता म्हणतो, ‘चालू स्थितीत’ लिहिले होते आणि तो चालू आहे. मग खोटे काय झाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : विक्रेत्याने दोन वेगळ्या गोष्टी सोयीने एक केल्या आहेत. यंत्र चालते की नाही ही एक बाब, आणि ते ज्या नावाने विकले ते आहे की नाही ही दुसरी. पितळी कर्ण्याचे असे ग्रामोफोन आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर नव्याने जोडले जातात. त्यांत बहुधा जुन्या पेटीसारख्या घडीच्या ग्रामोफोनची यंत्रणा काढून नव्या लाकडी खोक्यात बसवलेली असते, त्यावर पातळ पत्र्याचा नवा चकचकीत कर्णा आणि खोक्यावर कुत्र्याच्या चित्राची पट्टी लावलेली असते. खोके उलटे करून पाहा : आतले लाकूड कोरे असेल, यंत्राच्या आधीच्या बैठकीची रिकामी भोके पत्र्यात दिसत असतील, कर्ण्याचे सांधे अलीकडच्या झाळीचे असतील, तर तुमच्या संग्राहक मित्राचे म्हणणे खरे आहे.

‘चालू’ हा शब्दसुद्धा मोघमच आहे. ग्रामोफोनबद्दल तो वापरायचा तर सोबत दोन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा लावून एका मिनिटात तिचे किती फेरे होतात ते मोजावे. ७८ च्या आसपास व्हायला हवेत. आणि पूर्ण चावी दिल्यावर दहा इंची तबकडीची एक बाजू, म्हणजे सुमारे तीन मिनिटे, आवाज न ओढता संपते का ते पाहावे. शेवटी गाणे जाड होऊ लागले तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा आतले वंगण घट्ट झाले आहे. ही तपासणी स्वतःच्या मौल्यवान तबकडीवर करू नका, आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावा.

कायद्याच्या दृष्टीने तुमची बाजू कमकुवत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे अशी अट विक्रीतच अंतर्भूत असते, आणि ‘शंभर वर्षांपूर्वीचा एचएमव्ही’ हे वर्णनच आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-व्यापारविषयक नियमांनुसारही जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. जाहिरातीचे छायाचित्र, संदेश आणि पावती जपून ठेवा, आतल्या भागांची छायाचित्रे काढा आणि आधी लेखी मागणी करा. वस्तू स्वतः उघडून दुरुस्त करू नका; मग ती कोणत्या स्थितीत आली होती हे सिद्ध करणे अवघड जाईल.

प्रश्न : माझ्याकडे हनुमानाचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरे असलेले नाणे आहे. चिंचेने घासल्यावर अगदी नव्यासारखे दिसते. त्याची स्थिती ‘अप्रतिम’ लिहून विकता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : देवादिकांची चित्रे आणि १८१८ हे साल असलेले असे तुकडे कंपनीने चलनासाठी पाडलेली नाणी नाहीत, त्यामुळे त्यांच्या स्थितीला मोल नाही. अशा नाण्यांना लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे कोणी सांगत असेल तर पैसे भरू नका; रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती.

खऱ्या नाण्यांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवा की घासलेले नाणे जाणकाराला बारीक एकसारख्या ओरखड्यांवरून लगेच ओळखता येते आणि त्याचा भाव न घासलेल्या, काळवंडलेल्या नाण्यापेक्षा कमी येतो. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया असेल तर तो एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असायला हवा. झिजेमुळे थोडा हलका भरेल, पण त्याहून जड भरला तर शंका घ्यावी. स्थिती ठरवताना आधी राणीच्या केसांवरची आणि गालावरची, म्हणजे सर्वांत उंच भागांवरची, झीज पाहतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. मुंबईतील एक विक्रेता ‘दीडशे वर्षांपूर्वीची, पूजेतली, मूळ झळाळीची’ अशी खंडोबाची पितळी मूर्ती पाठवायला तयार आहे. स्थितीची खात्री छायाचित्रांवरून कशी करावी?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : मूर्ती खरोखर दीडशे वर्षांची असेल तर ती तुम्हाला पाठवताच येणार नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे आणि हस्तकौशल्याच्या वस्तू पुरावशेष ठरतात (हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे), आणि त्या देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेखेरीज कोणालाही नाही. उल्लंघनाला किमान सहा महिन्यांची आणि तीन वर्षांपर्यंत वाढू शकणारी कैद सांगितलेली आहे. धातूच्या मूर्तींची नोंदणी आवश्यक आहे आणि पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो. विक्रेता ‘दीडशे वर्षे’ असे वर्णन करून वर परदेशी पाठवायलाही तयार असेल, तर एक तर वर्णन खोटे आहे किंवा व्यवहार बेकायदा आहे. अलीकडच्या मूर्तीसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते. ते विक्रेत्याने आधी मिळवून दाखवावे. मूर्तीच्या डोळ्यांत किंवा पीठावर हस्तिदंत असेल तर विषय तिथेच थांबवा, कारण हस्तिदंताचा व्यापार भारतात पूर्णपणे बंद आहे.

छायाचित्रांवरून जे पाहता येते ते असे. पूजेतल्या मूर्तीची झीज हातांच्या सवयीने होते. रोजचे स्नान, पुसणे आणि गंध लावणे यांमुळे नाक, कपाळ, छाती आणि गुडघे गुळगुळीत होत जातात, पाठीचे आणि काखेतले कोरीव काम मात्र बरेच ठसठशीत राहते. जिथे हात पोचत नाही अशा खाचांतही सारखीच झीज असेल, किंवा हिरवा थर सगळीकडे एकाच जाडीचा रंगासारखा बसलेला असेल, तर मूर्ती आम्लात बुडवून किंवा मातीत पुरून जुनी केलेली असण्याची शक्यता धरावी. पाठ, तळ आणि कान यांची तिरप्या उजेडातली जवळून घेतलेली छायाचित्रे मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

प्रश्न : आजोबांच्या खोलीतले लक्ष्मीचे ‘रवी वर्मा’ चित्र विकायचे आहे. देवीच्या साडीवर खरी जर चिकटवलेली आहे. कागदाला पिवळे ठिपके आहेत आणि एक कोपरा काचेला चिकटला आहे. एक जण म्हणतो हे अस्सल आहे, दुसरा म्हणतो अलीकडची छापील प्रत आहे. मी काय लिहू?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : आधी भिंगातून पाहा. राजा रवी वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यातली चित्रे दगडावरून, प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा देऊन छापलेली असत. भिंगाखाली त्यांतले ठिपके अनियमित, हाताने टिंबे दिल्यासारखे, कुठे दाट कुठे विरळ दिसतात आणि रंग एकमेकांवर चढलेले जाणवतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची जाळी अगदी नियमित असते आणि चार रंगांचे ठिपके लहान फुलांच्या वर्तुळासारखे पुन्हापुन्हा येतात. गालाचा किंवा आकाशाचा सपाट भाग पाहिलात तर हा फरक पहिल्याच नजरेत कळेल.

चित्र दगडी छपाईचे निघाले तरी ‘रवी वर्मांच्या हयातीतले’ असे लिहू नका. ते १९०६ साली वारले, छापखाना त्याआधीच दुसऱ्याच्या हाती गेला होता आणि छपाई पुढेही चालू राहिली. चित्राखालच्या समासात छापखान्याचे नाव, गाव आणि चित्राचे शीर्षक असेल तर ते जसेच्या तसे उतरवून घ्या. चौकटीत बसवण्यासाठी समास कापलेला असेल तर ‘खालचा समास कापलेला, छापखान्याचे नाव नाही’ असे लिहा. माझ्या मते या चित्रांच्या बाबतीत ही सर्वांत मोठी उणीव आहे, पिवळ्या ठिपक्यांपेक्षाही मोठी, कारण ठिपके काही प्रमाणात कमी करता येतात, कापलेला पुरावा परत येत नाही.

जरीचे काम दोष म्हणून लिहू नका. घरोघरी अशी चित्रे जर, टिकल्या आणि कापड लावून सजवली जात आणि अनेक संग्राहक त्यासाठीच ती घेतात. मात्र जर कुठे सुटली आहे, तिच्याखाली गोंदाचा डाग कागदात उतरला आहे का, हे पाहून नोंदवा. ठिपके कुठे आहेत तेही लिहा : चेहऱ्यावरचा एक ठिपका समासातल्या वीस ठिपक्यांहून जास्त किंमत कमी करतो. चौकटीच्या पाठीला जुनी लाकडी फळी असेल तर तिच्या आम्लामुळे कागद तपकिरी आणि ठिसूळ झालेला असतो; कोपरा वाकवून पाहण्याचा मोह टाळा, ठिसूळ कागद तिथेच तुटतो. कसरीने खाल्लेल्या जागा उजेडासमोर धरल्यावर दिसतात, पण त्यासाठी चौकट उघडावी लागेल आणि तुमचे चित्र काचेला चिकटलेले असल्याने ती उघडू नये. वाफ देऊन किंवा सुरी घालून तो कोपरा सोडवायचा प्रयत्न केला तर वरचा रंग काचेवरच राहील. काच तशीच ठेवा, ‘वरचा डावा कोपरा, सुमारे इतके सेंटिमीटर, काचेला चिकटलेला, चौकट उघडून पाहिलेली नाही’ असे लिहून त्या कोपऱ्याचे जवळून छायाचित्र जोडा. विकण्याआधीच तो सोडवून घ्यायचा असेल तर कागदाचे संवर्धन जाणणाऱ्यांकडेच चित्र न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.